चित्रपुस्तकांतील मौन

मुलांच्या चित्रपुस्तकांवर टीकालेख लिहावयाचा म्हटला कीं पुष्कळांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचें क्षमाशील हास्य उमटतें. कादंबरी, नाटक, काव्य हीं टीकेचीं क्षेत्रें. चित्रपुस्तक हें वाङ्मयाच्या अंगणांतलें खेळणें, अशी आपली समजूत आहे. या समजुतीच्या मुळाशीं आपली अंकलिपी असावी असें मला वाटतें. अंकलिपींत 'अ'च्या शेजारीं अननस असतो, 'ग'च्या शेजारीं गणपति असतो. अक्षर जें सांगतें तेंच चित्र दाखवितें, आणि अक्षर एकदां ओळखतां येऊं लागलें कीं चित्राचें काम संपतें. भिंत उभी राहिल्यावर गवंड्यानें परांची उतरवावी तसें आपण मग चित्र उतरवून ठेवतों. अंकलिपीपुरतें हें ठीकच आहे. परंतु याच न्यायानें आपण सगळ्या चित्रपुस्तकांचा निवाडा करूं लागलों, आणि तेथें मात्र आपली फसगत झाली. कारण जातिवंत चित्रपुस्तकांत चित्र शब्दाची री ओढीत नाहीं. शब्द जें बोलत नाहीं तें चित्र दाखवितें, चित्र जें दाखवीत नाहीं तें शब्द बोलतो, आणि पुस्तकाचा अर्थ या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेंत राहतो.

ही जागा कोणीं शोधून काढली हें सांगतांना रँडॉल्फ कॉल्डेकॉट (१८४६–१८८६) या इंग्रज चित्रकाराचें नांव घेतात, आणि तें योग्यच आहे. हा गृहस्थ तरुणपणीं बँकेंत कारकून होता. १८७८ पासून एडमंड एव्हन्स या कुशल मुद्रकाच्या साह्यानें, दर वर्षीं दोन याप्रमाणें, त्यानें मुलांसाठीं सोळा पुस्तकें काढलीं. त्यांतलें १८८२ चें 'हे डिडल डिडल' पाहावें. मूळ बडबडगीत अगदीं थोड्या ओळींचें. बशी नि चमचा संगनमतानें पळून जातात असा त्याचा आनंदी शेवट. कॉल्डेकॉटनें हें पलायन तर काढलेंच, पण त्यापुढें आणखी एक चित्र जोडलें. बशीचे तुकडे होऊन पडले आहेत, आणि चमच्याला तिचे आईबाप, म्हणजे कांटा नि सुरी, धरून घरीं नेत आहेत. (चमचा ही येथें वधू आहे; मराठी व्याकरणाचा नाइलाज आहे.) गीतांत या प्रकाराचा एका अक्षरानेंही उल्लेख नाहीं. गाणारी दाई आनंदानें गाऊन थांबते, आणि तिच्या मांडीवरचें मूल एक अख्खी शोकांतिका मुकाट्यानें पाहत राहतें.

परंतु या मौनाचा पुरा उपयोग पाहावयाचा असेल तर पॅट हचिन्स या इंग्रज लेखिकेचें 'रोझीज् वॉक' हें १९६८ चें पुस्तक हातीं घ्यावें. चित्रेंही तिचींच. सबंध पुस्तकांत अवघे ३२ शब्द आहेत, आणि ते सर्व मिळून एकच वाक्य होतें. रोझी नांवाची कोंबडी जेवणापूर्वीं फिरावयास निघते. अंगण, तळें, गवताची गंजी, पिठाची गिरणी, कुंपण आणि मधमाश्यांच्या पेट्या असा फेरा करून वेळेवर घरीं परत येते. शब्दांचें म्हणणें इतकेंच. हें कोणी नुसतें वाचून दाखविलें तर ऐकणारा म्हणेल, 'बरें, मग?' पण चित्रांत पहिल्यापासून रोझीच्या मागावर एक कोल्हा आहे. तो झेंप घेतो तों दांताळ्याचा दांडा त्याच्या नाकावर बसतो. पुढच्या झेंपेला तो तळ्यांत पडतो. मग गवताखालीं गाडला जातो. मग पिठाचें पोतें त्याच्या अंगावर रिकामें होतें. आणि शेवटीं कुंपणावरून उडी मारतांना तो एका गाड्यांत पडतो, गाडा घरंगळत पेट्यांवर आदळतो, आणि मधमाश्या त्याला पार पिटाळून लावतात. या कोल्ह्याचें नांव शब्दांत एकदांही येत नाहीं. रचनाही पाहण्यासारखी आहे. एका जोडपानावर शब्द आणि झेंप. पान उलटलें कीं शब्द नाहींसे होतात आणि नुसती फजिती राहते. मुलानें दांताळें आधींच हेरून ठेवलेलें असतें, आणि पान उलटण्यापूर्वींच तें हंसूं लागतें. अक्षर न ओळखणाऱ्या मुलाच्या या उद्योगाला वाचन म्हणावयाचें नाहीं तर काय म्हणावयाचें?

हें पुस्तक मी माझ्या चार वर्षांच्या नातीला वाचून दाखवीत होतों. तिच्या आईनें तें पूर्वीं अनेकदां वाचून दाखविल्यामुळें तिला तें पाठ होतें. मला तें नवें होतें. इंग्रजी वाक्याचें मराठी करीत जात असतां मला तो मजकूर फारच तोकडा वाटला, म्हणून मीं पदरचें घातलें, 'आणि मागून हळूच कोल्हा आला.' तिनें एकदम माझ्या तोंडावर हात ठेवला. "आजोबा, कोल्ह्याचं नांव नाहीं घ्यायचं," ती कुजबुजली, "तिला ऐकूं जाईल ना!"

चाळीस वर्षें टीकालेख लिहिणाऱ्या माणसाला जें सुचलें नव्हतें तें या एका वाक्यांत होतें. पुस्तकांतले शब्द रोझीच्या माहितीपुरते आहेत. ते तिच्या कानांवर पडत असले पाहिजेत, आणि म्हणूनच त्यांत कोल्हा येतां कामा नये. वाचून दाखविणारा मोठा माणूस या पुस्तकांत कोंबडीच्या जागीं आहे. अक्षरांवर नजर खिळवून तो निर्धास्तपणें चालला आहे, आणि ज्याला अक्षर येत नाहीं तें मूल मात्र सर्व कांहीं पाहत आहे. घरांत ज्याला दिवसभर दुसऱ्यानें सांगावयाचें आणि त्यानें ऐकावयाचें, त्याला या दहा मिनिटांत सांगणाऱ्यापेक्षां अधिक ठाऊक असतें. चित्रपुस्तकांच्या मोहिनीचें रहस्य भडक रंगांत आणि गोंडस प्राण्यांत शोधणारे पुष्कळ आहेत. माझ्या मतें तें या उलटापालटींत आहे. आणि मीं कोल्ह्याचें नांव उच्चारून तिचा हा अधिकारच काढून घेत होतों.

जातां जातां भाषांतराविषयीं एक गोष्ट सांगतों. इंग्रजींत त्या वाक्याचा सारा भार शब्दयोगी अव्ययांवर आहे, आणि तीं नामाच्या आधीं येतात. इंग्रज मुलाला प्रथम दिशा कळते, मग वस्तु. मराठींत 'भोंवतीं', 'वरून', 'खालून' हीं मागून येतात. वस्तु आधीं हातीं लागते आणि तिच्याशीं काय करावयाचें तें मागाहून कळतें. यांत तोटाच आहे असें नाहीं. मधमाश्यांच्या पेट्यांचें नांव निघतांच धोका ध्यानांत येतो, आणि 'खालून' हा शब्द येईपर्यंत नातीनें श्वास रोखून धरलेला मीं पाहिला आहे.

आवाज आणि चित्र यांची जोडी आपल्याला कांहीं नवी नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतांतल्या प्रसंगांचीं चित्रें एकामागून एक श्रोत्यांपुढें धरून कथा सांगतात. अक्षरशत्रु श्रोत्यालाही तेथें पूर्ण मान असतो. पण तेथें गाणारा सर्व जाणतो, आणि चित्र त्याच्या शब्दाची वाट पाहत उभें असतें. ही कोल्ह्याची गोष्ट चित्रकथ्याच्या हातीं पडती तर त्यानें कोल्हा रंगवून रंगवून वर्णिला असता. हें त्याचें उणें नव्हे. त्याची कला आवाजाची आहे. हचिन्सची कला आवाजाला अज्ञानांत ठेवण्याची आहे.

मौनाचा दुसरा आणि अधिक गहन प्रकार मॉरिस सेंडॅक (१९२८–२०१२) या अमेरिकन चित्रकाराच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या १९६३ च्या पुस्तकांत दिसतो. यालाच पुढच्या वर्षीं कॉल्डेकॉटच्या नांवानें दिलें जाणारें पदक मिळालें. मॅक्स नांवाचा मुलगा लांडग्याचा पोषाख घालून घरांत धुडगूस घालतो. आई त्याला उपाशीं निजावयास पाठविते. त्याच्या खोलींत अरण्य उगवतें, तो नावेंत बसून रानटी राक्षसांच्या देशीं जातो, त्यांचा राजा होतो, आणि मग एकटें वाटूं लागल्यामुळें परत येतो. शब्द जेमतेम साडेतीनशें असतील. पण चित्रें पाहा. पहिलें चित्र पांढऱ्या कोऱ्या समासाच्या मधोमध आंखडून बसलें आहे. पानागणिक तें वाढत जातें, पान भरतें, शेजारच्या पानावर सांडतें, आणि राक्षसांचा धिंगाणा सुरू होतो तेव्हां सलग तीन जोडपानें शब्दांना मुळींच जागा राहत नाहीं. राग मनांत कसा वाढतो याचें याहून चांगलें वर्णन माझ्या वाचनांत नाहीं, आणि यांत वर्णन असें कांहींच नाहीं.

आई एकाही चित्रांत दिसत नाहीं. आरंभीं ती शब्दांतून रागावते, आणि शेवटीं खोलींत मॅक्सचें जेवण येऊन पडलेलें असतें. त्यानंतरच्या अखेरच्या पानावर चित्रच नाहीं. तें जेवण अजून ऊन आहे एवढेंच शब्द सांगतात. जिभेला लागणारी ऊब कोणत्या रंगानें काढणार? तेथें चित्र गप्प बसलें आणि शब्दानें बोलावें हें उचितच झालें. पण त्याच वेळीं खिडकींतल्या चंद्राकडे लक्ष गेलें पाहिजे. मॅक्स खोलींत कोंडला जातो तेव्हां तेथें कोर आहे, परत येतो तेव्हां पूर्ण चंद्र. शब्द म्हणतो जेवण निवलेलें नाहीं, म्हणजे थोडाच वेळ गेला. चंद्र म्हणतो पंधरवडा गेला. यांतलें खरें कोणतें? ज्यानें लहानपणीं रुसून कोपऱ्यांत बसण्याचा अनुभव घेतला आहे, त्याला दोन्ही खरीं वाटतील.

या पुस्तकानें मुलें घाबरतील अशी ओरड त्या वेळीं झाली. प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९६९ मध्यें अमेरिकेंतील स्त्रियांच्या एका मासिकांत, पुस्तक स्वतः न वाचतां, केवळ ऐकीव माहितीवर, आईनें उपाशीं निजविण्याच्या प्रसंगावर आक्षेप घेतला. याच विद्वानांनीं पुढें १९७६ मध्यें परीकथांतील भीषण प्रसंग मुलांच्या मनाला कसे हितकर असतात यावर एक ग्रंथ लिहिला! त्यांनीं मॅक्सचें पुस्तक उघडलें असतें तर दुसऱ्याच चित्रांत भिंतीवर टांगलेलें एका राक्षसाचें रेखाचित्र त्यांना दिसलें असतें. तें मॅक्सनें काढलेलें आहे; खालीं त्याची सही आहे. राक्षस त्याच्या घरचेच आहेत हें चित्रानें आधींच सांगून टाकलें आहे. शब्द याविषयीं एक चकार काढीत नाहीं, आणि टीकाकारानें शब्दच ऐकले होते.

उलट टोकाचे पंडितही आहेत. त्यांना अरण्यांत अंतर्मन दिसतें, नावेंत गर्भाशय दिसतो, आणि लांडग्याच्या शेंपटींतही कांहींतरी दिसतें. असे अर्थ खोटे असतात असें मी म्हणत नाहीं; ते चित्राकडे न पाहतांही सांगतां येतात, एवढीच माझी तक्रार आहे. स्वतः सेंडॅक सांगत असे कीं हे राक्षस म्हणजे रविवारीं ब्रुकलिनमधल्या घरीं जेवावयास येणारे, किडक्या दांतांचे, गालगुच्चे घेणारे त्याचे काका, मामा नि आत्या होत. आपल्यापैकीं कोणाला ही मंडळी अपरिचित आहेत?

माझा मुलगा पहिलींत गेला त्या वर्षीं मीं त्याचीं चित्रपुस्तकें एका गठ्ठ्यांत बांधून रद्दीवाल्याला दिलीं. 'आतां तुला वाचतां येतें,' असें त्याला सांगतांना मला मोठा अभिमान वाटला होता. तो कांहीं बोलला नाहीं, आणि मींही त्याच्याकडे पाहिल्याचें आठवत नाहीं. परवां रात्रीं नातीच्या हुकुमावरून रोझीचें पुस्तक पुन्हां उघडलें होतें, तेव्हां तो कचेरींतून येऊन आमच्या मागें उभा राहिला. गिरणीचें पान आलें. मीं शब्द वाचले आणि पान उलटूं लागलों, तों त्यानें वरून हात घालून तें धरलें, आणि कांहीं न बोलतां कोंबडीच्या पायाशीं बोट ठेवलें. पिठाच्या पोत्याची दोरी तिच्या पायांत अडकलेली होती. इतक्या वेळां वाचूनही मला ती दिसली नव्हती.