‘राधामाधवविलासचंपू’ आणि शहाजीराजांचे बंगळूर

१६३८ मध्ये आदिलशाही सेनापती रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले व ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. त्या मराठी दरबाराचे दगडात फारसे काही उरलेले नाही. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवालयाशी निगडित एकोजींचा १६६९ चा दानलेख वगळता त्याचा शोध घ्यावा लागतो तो जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध करून मोठेच ऋण करून ठेवले आहे. मात्र त्यांच्या प्रदीर्घ प्रस्तावनेने काव्याला इतिहासाचे साधन बनविले; तेव्हापासून अभ्यासक प्रस्तावना वाचतात आणि काव्य चाळतात.

वस्तुतः चंपूचे मोल त्याच्या उत्तरभागातील कविसभेत आहे. संस्कृत-प्राकृताबरोबर मराठी, हिंदी, कानडी अशा देशभाषांतील रचना तेथे एकाच आश्रयदात्यापुढे सादर होतात. स्तुती अतिशयोक्त आहे. दरबारी काव्यात ती असायचीच. महत्त्वाचे हे, की कानडी मुलखातील या सत्ताकेंद्रात राजभाषेचा अट्टहास दिसत नाही. मराठी ही तेथे अनेकींपैकी एक आहे. ‘मराठ्यांचे बंगळूर’ म्हणून त्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे सहसा रुचत नाही. देशभाषांतील हे पाठ, विशेषतः कानडी अंश, कन्नड अभ्यासकांच्या सहकार्याने तपासले गेल्याखेरीज चंपूची कोणतीही नवी आवृत्ती पुनर्मुद्रणापलीकडे जाणार नाही.