पडद्यावरचे शून्य

शालेय विज्ञान प्रदर्शनात ‘स्मार्ट घर’ आता हमखास असते. पुठ्ठ्याचे घर, माणूस आला की लागणारा दिवा, टाकी भरली की थांबणारा पंप आणि स्वयंपाकघरात गॅसगळतीचा इशारा देणारा संवेदक, म्हणजे सेन्सर. रोह्याच्या एका प्रदर्शनात परीक्षक या नात्याने अशाच एका घरासमोर उभा होतो. मुलाने लायटर न पेटवता त्यातला गॅस संवेदकाजवळ सोडला. भोंगा वाजला, टाळ्या पडल्या. मी संवेदकाला वीज देणारी तार काढली आणि म्हटले, “आता पुन्हा दाखव पाहू.” भोंगा गप्प. पडद्यावर गॅसचे प्रमाण शून्य. “सर, तुम्ही वायर काढलीत ना!” मुलाचे म्हणणे बरोबरच होते. पण घरी तीच तार उंदराने कुरतडली, तर हे कोण सांगणार?

माझी तक्रार मुलाविषयी नाही. संचासोबत येणाऱ्या पुस्तिका ‘चालू कसे करावे’ एवढेच सांगतात आणि आपले गुणपत्रक दोन मिनिटांच्या यशावर गुण देते. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे असे संच अनेक शाळांत पोहोचले, ही चांगलीच गोष्ट. प्रश्न पुढचा आहे.

हा संवेदक काम कसे करतो ते पाहू. त्यात टिन डायऑक्साइडचा तापवलेला थर असतो. हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटून इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो, त्यामुळे रोध जास्त असतो. ज्वलनशील वायू आला की त्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घटतो आणि आकडा वाढतो. म्हणजे आपण गॅस मोजत नाही. रोध मोजतो आणि गॅसचे अनुमान करतो. पाण्याची वाफही हा रोध घटवते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जानेवारीतल्या कोरड्या हवेत ठरवलेली मर्यादा जुलैत खोटा इशारा देऊ लागते. (संचातला स्वस्त आर्द्रतामापक डीएचटी-११ इथे फारसा उपयोगी नाही. त्याची मर्यादाच २० ते ९० टक्के, आणि आपला पावसाळा त्याच्या वर!) तीनचार वेळा विनाकारण भोंगा वाजला की घरातले कोणीतरी प्लग काढून ठेवते. मग सगळे शांत, आणि त्या शांततेचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा घेतला जातो.

नेमका उलटा विचार रेल्वेने केव्हाच केला आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या रूळ-मंडलात एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले असतो. रुळांतून प्रवाह वाहत असेल तरच रिले उचललेला राहतो आणि सिग्नल हिरवा मिळतो. गाडी आली की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, रिले पडतो, सिग्नल लाल. बॅटरी संपली, तार तुटली, तरी लालच. इथे गप्प बसणे म्हणजे धोका. रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेने पर्जन्यमापक, वायुवेगमापक आणि काही पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा बसवली आहे. तरीही पावसाळ्यात रुळांवरून माणसांची गस्त चालतेच.

हे पुठ्ठ्याच्या घरात आणायला पैसे लागत नाहीत. शुद्ध हवेतही हा संवेदक काही आकडा दाखवतोच. तापलेला, जोडलेला संवेदक शून्यावर येत नाही. तेव्हा आकडा ठराविक किमान मूल्याखाली गेला तर ‘संवेदक बिघडला’ असा वेगळा इशारा द्यावा. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी दोन ओळी पुरतात. त्या मुलाने त्या टेबलावरच, दहा मिनिटांत लिहिल्या. मी पुन्हा तार काढली, तेव्हा पिवळा दिवा लागला.

मग त्यानेच विचारले, “सर, पण लाईटच गेली तर?” आमच्याकडे पावसाळ्यात तीही जाते. बॅटरी जोडावी, तर ती संपल्याचे कोणी सांगायचे, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली, आणि पुढच्या टेबलावरची मुले खोळंबली. यंदा गुणपत्रकात मी एक रकाना वाढवून मागितला आहे: ‘जूनपासून गौरी-गणपतीपर्यंत चालू ठेवून केलेल्या नोंदी’.