मृत्युपत्रांतली डरकाळी

कलावंत परिपक्व झाला असें आपण केव्हां म्हणतों? बहुधा त्याचा आवाज खालीं आला, कृतींतला त्वेष ओसरला आणि त्याची कला चारचौघांत बसवण्याजोगी झाली, म्हणजे आपण ती पदवी त्याला बहाल करतों. वयाबरोबर येणारा थकवा आणि साधनेनें येणारी परिपक्वता यांत आपण कित्येकदां भेद करीत नाहीं. हेवी मेटल या संगीतप्रकाराच्या बाबतींत तर हा घोटाळा नेहमींचाच. कारण कर्कशपणा हा ज्याचा प्राण, त्यानें तो सोडला कीं सुधारला, असें बाहेरचा श्रोता सहज म्हणून जातो. ओपेथ या स्वीडिश वाद्यवृंदाची 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट' ही २२ नोव्हेंबर २०२४ रोजीं प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रिका या समजुतीस चोख उत्तर आहे, असें आमचें मत आहे.

थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. स्टॉकहोम येथील या मंडळीची पहिली ध्वनिमुद्रिका 'ऑर्किड' १९९५ सालीं निघाली. गायक, गिटारवादक व मुख्य रचनाकार मिकाएल ओकरफेल्ट यांच्यापाशीं दोन आवाज होते. एक स्वच्छ, सुरेल, किंचित् उदास. दुसरा डेथ मेटल या उपप्रकाराचा, म्हणजे घशाच्या तळांतून काढलेली, श्वापदाशीं जवळीक सांगणारी डरकाळी. या दोहोंची आलटापालट हीच ओपेथची ओळख झाली. २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर मात्र ध्वनिमुद्रणांतून डरकाळी बाजूस पडली. २०११ च्या 'हेरिटेज'पासून २०१९ च्या 'इन कौडा व्हेनेनम'पर्यंतच्या चारही ध्वनिमुद्रिका स्वच्छ कंठानें गायिलेल्या असून, १९७० च्या सुमाराच्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा त्यांवर दाट ठसा आहे. कोणी याला प्रगति म्हटलें, कोणी विश्वासघात.

नव्या कृतींत डरकाळी परतली आहे. परंतु जुन्या चाहत्यांची समजूत काढण्यापुरती ती आलेली नाहीं. येथें एक कथा आहे. काळ पहिल्या महायुद्धानंतरचा. एका श्रीमंत, करारी कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूनंतर त्याचें मृत्युपत्र वाचलें जात आहे. जुळीं भावंडें ऐकत आहेत, आणि त्याच घरांत वाढलेली, पोलिओनें अधू झालेली एक अनाथ मुलगीही तेथें बसली आहे. ती कां, हाच प्रश्न. आठांपैकीं पहिल्या सात गीतांना नांवेंच नाहींत. दस्तऐवजांतील कलमांप्रमाणें नुसते अनुक्रमांक आहेत. जॉर्ज एलियटच्या 'मिडलमार्च' कादंबरींतला कॅसॉबन मृत्युपत्राच्या पुरवणीनें आपल्या पत्नीला मरणोत्तरही जखडूं पाहतो, हें कित्येक वाचकांस आठवेल. मृताची सत्ता जिवंतांवर चालते ती अशा कागदाच्या द्वारें. त्या कागदाला कंठ असता, तर तो कसा असता? ओकरफेल्ट यांनीं त्याला डरकाळी दिली आहे.

आमच्या मतें परिपक्वतेचें मर्म येथेंच आहे. पूर्वीं डरकाळी ही संप्रदायाची खूण होती. त्या वाटेनें जाणारा प्रत्येक गायक ती काढीत असे. आतां ती बहुतांशीं एका पात्राची वाणी झाली आहे. क्रोध हा रौद्ररसाचा स्थायी भाव खरा, पण आलंबनावांचून क्रोधाचा रस होत नाहीं, हें आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं कधींच सांगून ठेवलें आहे. तें आलंबन या डरकाळीस आतां मिळालें. तोच कंठ मध्येंच स्वच्छ स्वरांत बोलूं लागतो, तेव्हां रागामागें दडलेली त्या म्हाताऱ्याची लाज उघडी पडते. 'जेथ्रो टल'चे इयान अँडरसन यांनीं कांहीं ठिकाणीं निवेदन केलें असून बासरीही वाजवली आहे. त्यांचें थंड, वकिली धाटणीचें बोलणें डरकाळीच्या शेजारीं आल्यानें दोहोंचीही धार वाढते.

कृति निर्दोष मात्र नाहीं. सुमारें पन्नास मिनिटांत इतकें कांहीं कोंबलें आहे कीं, एक स्वरकल्पना मनांत ठरण्यापूर्वींच दुसरी तिला ढकलते. भावंडांचीं व्यक्तिचित्रें पुसट राहतात, आणि गीतांचे शब्द हातीं न घेतां कथा उमगणें कठीण आहे. ज्या संगीतास कथा सांगावयाची आहे, त्याच्या बाबतींत हा दोष लहान नव्हे.

तरीही आठवें गीत आलें कीं आमची तक्रार मावळते. 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड' या एकाच गीतास नांव आहे. कलमें संपलीं, डरकाळी थांबली. आतां संथ, शोकगंभीर स्वर उरतो. कथेचा उलगडा आम्ही येथें फोडीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, मागल्या चार ध्वनिमुद्रिकांतील मार्दवाहून हें मार्दव निराळें आहे. तें डरकाळी टाळून आलेलें नाहीं, तिच्यांतून पार होऊन आलें आहे. हेवी मेटल हा ज्यांस निव्वळ गोंगाट वाटतो, त्यांनीं ही ध्वनिमुद्रिका पहिल्या कलमापासून क्रमानें, एका बैठकींत ऐकावी. तिसऱ्या-चौथ्या कलमापाशीं उठावेंसें वाटेल. तेथें बसून राहणाऱ्यासच शेवटच्या गीताची किंमत कळेल.