चित्रकथेची जत्रा

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागांत, शारांत नदीकांठच्या एका टेकाडावर, आंगुलेम नांवाचें सुमारें ४० हजार वस्तीचें एक जुनें शहर आहे. कागदाच्या गिरण्यांबद्दल त्याची एके काळीं मोठी ख्याति होती. बाल्झाकची भ्रमनिरासाची प्रसिद्ध कादंबरी ज्यांनीं वाचली असेल, त्यांस स्वस्त कागदाच्या शोधापायीं कर्जांत बुडालेला येथील मुद्रक दाविद सेशार आठवेलच. याच शहरीं १९७४ च्या जानेवारींत चित्रकथांचा महोत्सव सुरू झाला, आणि २०२५ सालीं त्याचें ५२ वें अधिवेशन पार पडलें. जानेवारीअखेरच्या थंडींत चार दिवस येथें दोन लाखांच्या घरांत माणसें लोटत. आईचें बोट धरून आलेलीं मुलें त्यांत असत, तशीच लहानपणीं वाचलेल्या पुस्तकाची विटकी प्रत पिशवींत घालून आलेलीं वृद्ध माणसेंहि असत. २०२६ सालीं मात्र महोत्सव भरला नाहीं. तो कां भरला नाहीं, हा प्रश्न आम्हांस केवळ वृत्तपत्री कुतूहलाचा वाटत नाहीं. लोकप्रिय कलेचा उत्सव कोणाच्या जिवावर उभा असतो, हें त्यावरून कळून येण्याजोगें आहे.

चित्रकथा म्हटली कीं आमच्यांतील कांहीं विद्वान् अजून नाक मुरडतात. वास्तविक चित्रामागून चित्र पुढें सरकवून कथा सांगण्याची रीत आमच्या पिंगुळीच्या चित्रकथ्यांनीं कितीतरी पिढ्या जोपासली आहे. पण जुन्या पोथींतील चित्राला कौतुकानें हात जोडणारा रसिकच, तेंच चित्र छापील चौकटींत आलें कीं त्याला पोरखेळ ठरवतो. आम्हीहि शाळेंत असतांना इंद्रजाल कॉमिक्स पाठ्यपुस्तकाच्या आड धरूनच वाचलीं, आणि पुढें पदवी मिळाल्यावर तीं वाचलींच नव्हतीं अशा थाटांत वागलों. फ्रेंच रसिकानें ही लाज कधींच टाकली. १९६४ च्या सुमारास तेथें चित्रकथेला 'नववी कला' म्हणूं लागले, आणि दहा वर्षांनीं तिची जत्रा भरूं लागली.

या जत्रेचा पहिला महापुरस्कार आंद्रे फ्रांकँ या बेल्जियन चित्रकाराला मिळाला, ही निवड आम्हांस अतिशय मार्मिक वाटते. फ्रांकँचा गास्तों हा कचेरींतला आळशी पोरगा. काम सोडून सर्व उद्योग करणारा. त्याच्या फजितींवर मुलें पोट धरधरून हंसत. त्याच फ्रांकँनें १९७७ पासून 'काळ्या कल्पना' या अर्थाच्या नांवाखालीं जी मालिका काढली, तींत माणसें नुसत्या काळ्या सावल्या आहेत, आणि विनोद आहे तो युद्धाचा, शिकारीचा, मरणाचा. हात तोच, रेषेची ती चपळाईहि तीच. पण हंसतां हंसतां वाचकाच्या अंगावर कांटा येतो. 'सर्व वयांच्या रसिकांसाठीं' हे शब्द हल्लीं जाहिरातींत फार स्वस्त झाले आहेत. त्यांचा अर्थ बहुधा इतकाच असतो कीं मजकूर असा गुळचट असावा कीं कोणाच्याच घशांत अडकूं नये. फ्रांकँकडे पाहिलें म्हणजे त्यांचा खरा अर्थ कळतो. एकच कला सात वर्षांच्या मुलाशीं एका परीनें बोलते आणि साठीच्या माणसाशीं दुसऱ्या परीनें, व दोघांपैकीं कोणालाहि मूर्ख समजत नाहीं. १९९२ सालीं 'माऊस'साठीं पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या आर्ट स्पीगलमन यांस आंगुलेमनें २०११ सालीं गौरविलें. ज्यूंचे उंदीर आणि नाझींचीं मांजरें करून त्यांनीं आपल्या पित्याची छळछावणींतली कहाणी सांगितली. उंदीर-मांजर हा मुलांचा खेळ, पण तो येथें केवढ्या भयंकर अर्थानें भरला आहे!

या शहरानेंहि चित्रकथेला चार दिवसांची पाहुणी म्हणून ठेवलें नाहीं. रस्त्यांच्या नांवाच्या पाट्या येथें संवादाच्या फुग्याच्या आकाराच्या आहेत. घरांच्या आंधळ्या भिंतींवर मोठमोठीं चित्रें रंगविलीं आहेत. टिनटिनचा जनक एर्जे याच्या नांवाचा रस्ता आहे. नदीकांठच्या जुन्या कोठारांत २००९ पासून चित्रकथांचें संग्रहालय आहे. रेल्वे-स्थानकासमोर २०१७ सालीं अ‍ॅस्टेरिक्सचा लेखक गोसिनी याचा स्तंभ उभारला, याचें आम्हांस विशेष वाटतें, कारण गोसिनी चित्रकार नव्हे, लेखक. चित्रकथेंत शब्दाचाहि मान असतो, हें ज्यांच्या ध्यानांत राहिलें ते लोक या कलेचे खरे जाणकार होत.

पण जाणकारीला अंधत्वाचा शाप असतोच. २०१६ सालीं महापुरस्कारासाठीं ३० नांवांची यादी निघाली, तीसहि पुरुष! रियाद सात्तूफ या चित्रकारानें आपलें नांव काढून घेतलें, त्यामागून आणखी कित्येकांनीं घेतलें, आणि शेवटीं यादीच मोडीत निघाली. इतिहास कांहीं आम्हांस बदलतां येत नाहीं, असा संयोजकांचा बचाव होता. इतिहास बदलतां येत नसेल, पण तो वाचतां तर येतो. क्लेर ब्रेतेशेला १९८३ सालीं दिलेला विशेष पुरस्कार सोडला, तर तोंवर एकट्या फ्लोरँस सेस्ताकला, तीहि २००० सालीं, हा मान मिळाला होता. त्यानंतर मात्र २०१९ सालीं रुमिको ताकाहाशी, २०२२ सालीं ज्युली दूसे, २०२४ सालीं पोझी सिमंड्स आणि २०२५ सालीं आनूक रिकार यांची निवड झाली. मग या स्त्रिया २०१६ पूर्वीं चित्रें काढीतच नव्हत्या कीं काय? अर्थात् हें लिहितांना आमची मानहि फारशी ताठ राहत नाहीं. आमच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाला १९६१ च्या कुसुमावती देशपांड्यांपासून २०२५ च्या तारा भवाळकरांपर्यंत अवघ्या सहा अध्यक्षा लाभल्या आहेत.

आमचा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. या जत्रेचें मोठें आकर्षण म्हणजे स्वाक्षरीची रांग. वाचक पुस्तक विकत घेऊन तासन् तास उभा राहतो, आणि त्याची पाळी आली कीं चित्रकार त्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर त्याच्या नांवासह एक चित्र काढून देतो. कवीनें सही केली तर नांव मिळतें. येथें प्रत्यक्ष कलाकृति मिळते. मुलाच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या कागदावर त्याचा आवडता नायक उमटतो, याहून मोठा आनंद त्या वयांत कोणता? हा आनंद खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण पूर्वापार रिवाज असा कीं या दिवसभराच्या कामाचा मोबदला चित्रकारास मिळत नसे. प्रकाशकाचें पुस्तक खपतें, शहराचीं उपाहारगृहें भरतात, आणि ज्याच्या हातामुळें हें सर्व घडतें तो मनगट चोळीत रात्रीं खोलीवर जातो! २०१५ च्या महोत्सवांत चित्रकथाकारांनीं आंगुलेमच्या रस्त्यांवर मोर्चा काढला. पुढील वर्षीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, उत्तरें देणाऱ्या धंदेवाईक चित्रकथाकारांपैकीं ५३ टक्क्यांचें उत्पन्न किमान वेतनाहूनहि कमी असल्याचें आढळलें. ३६ टक्के तर दारिद्र्यरेषेखालींच होते. ज्या देशानें या कलेला नववी कला म्हटलें, त्या देशांतले हे आंकडे आहेत.

म्हणून २०२५ मध्यें जें घडलें तें आम्हांस अकस्मात् वाटलें नाहीं. संयोजक कंपनीचा कारभार अपारदर्शक आणि फार व्यापारी झाल्याची तक्रार जुनीच होती. त्यांत, आपल्यावर अत्याचार झाल्याची तक्रार करणाऱ्या एका स्त्री-कर्मचाऱ्यास कामावरून दूर केल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें, आणि संताप उसळला. त्याच वर्षींची महापुरस्कार-विजेती रिकार हीहि बहिष्कारांत उतरली. शेंकडों चित्रकारांनीं येणार नाहीं म्हणून सांगितलें, मागाहून प्रकाशकहि हटले, आणि १ डिसेंबर २०२५ रोजीं महोत्सव रद्द झाल्याचें जाहीर झालें. तंबू होते, अनुदानें होतीं, रसिक तर होतेच होते. फक्त टेबलामागें बसणारा माणूस उठून गेला.

या बहिष्कारानें रसिकांची, विशेषतः मुलांची, निराशा झाली, असा आक्षेप कोणी घेईल. निराशा झालीच. ज्या मुलानें वर्षभर पैसे सांठवून पुस्तक घेतलें असेल, त्याला कराराच्या आणि कारभाराच्या गोष्टी काय कळणार? पण त्याच्या आनंदासाठीं दुसऱ्यानें फुकट राबावें, हें त्या मुलानें तरी कधीं मागितलें होतें? महोत्सव पुन्हां उभा करूं पाहणाऱ्यांनीं नवे तंबू आणि नवीं भित्तिपत्रकें पुढें पाहावीं. आधीं टेबलामागच्या त्या माणसाच्या दिवसाचा दर ठरवावा, आणि तो दर दारावरच, रसिकांस वाचतां येईल अशा अक्षरांत लावावा.