फुल्यांचा जमाखर्च

जोतीराव फुले ह्यांनीं १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनपुढें जें लेखी निवेदन ठेविलें, त्याचा उल्लेख आपल्याकडे फार होतो. वाचन मात्र क्वचितच. उल्लेख करणारांना त्यांतील एकच मुद्दा पुरतो : रयतेच्या घामाचा पैसा सरकार वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च करीत आहे. मुद्दा खरा आहे, आणि त्याच पंगतीला जेवलेल्या आम्हां प्राध्यापकांना तो अजूनहि झोंबतो. परंतु ह्या निवेदनाची थोरवी मला संतापापेक्षां हिशेबांत अधिक दिसते.

मूळ लेख इंग्रजींत आहे. ‘गुलामगिरी’च्या (१८७३) प्रस्तावनेंतील मजकुरानें झालेला आरंभ थोडा वक्तृत्वपूर्ण वाटतो. पुढें मात्र, सही करतांना स्वतःस व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल सभासद म्हणविणारा हा गृहस्थ त्या तिघांच्याच सावधपणानें लिहूं लागतो. लोकलफंडापैकीं निदान निम्मी रक्कम केवळ प्राथमिक शिक्षणासाठीं वेगळी काढावी. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचें असावें. मोडी, बालबोध व हिशेब ह्यांच्या जोडीला शेतकी आणि आरोग्य ह्यांचेहि धडे असावेत. सक्तीचें तत्त्व कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं अमलांत आणिलें, हें वाचकांना ठाऊकच आहे.

ज्या सूचनेकडे टीकाकारांचें लक्ष सहसा जात नाहीं, ती शिक्षकाविषयींची. त्याला दरमहा निदान १२ रुपये, मोठ्या गांवीं १५ किंवा २० द्यावेत, एवढ्यावर फुले थांबत नाहींत. गांवच्या हिशेबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशीं कामें त्याच्याकडे सोंपविल्यास गांवांत त्याचें वजन वाढेल, असें ते सांगतात. पेरणीच्या दिवसांत पोराला शाळेंत पाठवावें कीं नाहीं, हें ठरविणारा बाप ज्या माणसाकडे आपल्या जमिनीचा कागद घेऊन येतो, त्याचा शब्द तो सहसा मोडीत नाहीं. खेड्यांतील माणसाची इतकी अचूक पारख त्या काळच्या किती शिक्षणतज्ज्ञांपाशीं होती?

आज २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें २७ वें कलम शिक्षकाला इतर कामांस जुंपूं नये असें सांगतें, आणि त्याच दमांत जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका ह्यांना वाट मोकळी ठेवतें. शिवाय पोषण आहाराचे तांदूळ आहेतच. हें पाहून कोणी म्हणेल कीं, फुल्यांची सूचना अमलांत आलीच! तसें नाहीं. फुल्यांचीं कामें त्या गांवचीं होतीं, मानाचीं होतीं. आजचीं कामें वरून हुकुमानें येतात, मास्तरला वर्गांतून उठवून नेतात, आणि परततांना त्याची पत होती तेवढीच राहते. पहिली नेमणूक होती, ही वेठ आहे.

तरीहि निवेदन निर्दोष नाहीं. एकशिक्षकी शाळेंत मास्तर दस्त नोंदवीत बसला, तर मुलें कोणीं सांभाळावींत, ह्याचा विचार त्यांत नाहीं. अधिक मुलें पास करणाऱ्या शिक्षकास पगाराखेरीज भत्ता द्यावा, ही सूचना तर मला मुळींच पटत नाहीं. अशा भत्त्यानें मास्तर हुशार मुलांकडे वळतो, आणि ज्यांच्यासाठीं फुल्यांनीं लेखणी उचलली, तींच मुलें मागल्या बाकावर बसून राहतात.