पहिली वेलांटी कुठे ठेवायची?

स्वतःचे लेख डेटाबेसात ठेवावेत की साध्या फाइलींत? मी दोन्ही घरांत राहून पाहिलं. वर्डप्रेसमध्ये लेख मायएसक्यूएलच्या तक्त्यातली एक ओळ होतो. त्याचे जुने खर्डेही त्याच तक्त्यात दाटीवाटीने बसतात. सोय झकास, पण मधल्या कारभाऱ्याला विचारल्याशिवाय आपलाच लेख आपल्याला दिसत नाही.

मार्कडाउनची फाइल मात्र नोटपॅडमध्येही उघडते. वर तीन छोट्या आडव्या रेघा, शीर्षक, तारीख, पुन्हा तीन रेघा. ही चाल रूढ केली साध्या फाइलींतून संकेतस्थळ बनवणाऱ्या २००८च्या जेकिलने. खाली थेट मजकूर. जोर द्यायच्या शब्दाला दोन्हीकडून तारका, बस. जॉन ग्रुबर यांनी २००४मध्ये ही पद्धत मांडली, ती साध्या ईमेलमध्ये लोक आधीपासून वापरत असलेल्या खुणांवरून. म्हणून तर त्या वाचताना टोचत नाहीत.

खरी गंमत त्याहून खोल आहे. ‘किती’ हा शब्द घ्या. डोळ्यांना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते. माझ्या जुन्या सीडीवरच्या फाँटात ती टाइपही आधीच करावी लागे. तो फाँट गेला आणि लेखांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा उरला. युनिकोडच्या फाइलीत मात्र आधी ‘क’, मग वेलांटी, मग ‘त’, मग दुसरी वेलांटी. म्हणजे फाइल शब्द पाहत नाही, ऐकते! वेलांटी डावीकडे नेऊन बसवणं हे पडद्याचं काम.

युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तेव्हा ‘किती’ झाला बारा बाइटांचा. यावर कुरकुरणारे भेटतात. अहो, मोबाइलवरच्या एका फोटोच्या जागेत शंभर लेख मावतील! फोटोंची रड वेगळीच: फाइलीत त्यांचा फक्त पत्ता असतो, फोल्डरचं नाव बदललं की चित्र बेपत्ता.

आणखी एक बारकावा. एकदाच एंटर मारून तोडलेल्या ओळी मार्कडाउन सहसा एकाच परिच्छेदात जोडून घेतं. फाइलींतले बदल नोंदवणारं गिट मात्र ते दाखवतं ओळीगणिक. अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल, तर एक वेलांटी सुधारली तरी तो सगळाच बदललेला दिसतो. म्हणून मी प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहितो. वाचकाला ते कळत नाही. मला मात्र लांबलेलं वाक्य उजवीकडे बाहेर आलेलं दिसतं. वरचं जेकिलचं वाक्य आधी रेघांच्या वाक्यालाच चिकटलेलं होतं.