सॅव्हॉयचे पुस्तक आणि मनुकांचे सरबत

'द सॅव्हॉय कॉकटेल बुक' हे पुस्तक १९३० साली लंडनला निघाले. तेथील सॅव्हॉय हॉटेलातल्या अमेरिकन बारचे मुख्य हॅरी क्रॅडॉक यांनी ते जुळवले आणि गिल्बर्ट रम्बोल्ड यांनी त्यास चित्रे काढली. आत सुमारे साडेसातशे कृती आहेत. क्रॅडॉक जन्माने इंग्रज, पण पेये मिसळण्याची विद्या त्यांनी अमेरिकेत कमावली. १९२० साली तिकडे दारूबंदी आली तेव्हा गाशा गुंडाळून ते मायदेशी परतले. मुंबई राज्यातील १९४९ च्या कायद्याची दारूबंदी ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी पाहिली, त्या आपल्या वाचकांस या गृहस्थांची अडचण समजावून सांगायला नको.

इतक्या जुन्या पुस्तकाचे परीक्षण आज कशासाठी, असे कोणी विचारील. पुस्तक जुने असले तरी त्याच्या आवृत्त्या अजून निघतात, आणि परदेशी गेलेल्या आपल्या घरांतील तरुण मंडळी ते उघडून त्याबरहुकूम पेये करू लागली आहेत. येथे अल्बनीस आमच्या भाच्याने ते आणले. मागल्या हिवाळ्यात शनिवारी रात्री, हब्दाला आटोपल्यावर, त्यातील विसेक कृती आम्ही दोघांनी करून पाहिल्या. आम्ही घोट घेत असू, पेला तो संपवी. पुढील मत त्या अनुभवावरून बनलेले आहे.

पहिला मान अर्थातच 'बॉम्बे' या पेयास मिळाला. "मावशी, हे घे तुझं बॉम्बे," म्हणून भाच्याने पेला पुढे केला. कृती अशी: निम्मी ब्रँडी, पाव फ्रेंच वरमूथ, पाव इटालियन वरमूथ, क्युरासाओचे दोन शिंतोडे आणि अ‍ॅबसिंथचा एक. चव वाईट नाही. कडसर, जरा औषधी, मागाहून संत्र्याच्या सालीचा वास. परंतु यात मुंबईचे काय आहे? लिंबू नाही, गूळ नाही, कोकम नाही, वेलची नाही. आणखी एक गंमत पाहावी. ब्रँडी द्राक्षाची आणि वरमूथही द्राक्षाची, म्हणजे शिंतोडे सोडले तर सारा पेला द्राक्षाचा. परधर्मीयांच्या हाताची द्राक्षाची दारू वर्ज्य मानणाऱ्या काटेकोर घरात कोशेर बाटल्या मिळाल्याशिवाय हे पेय ओठाला लावता येणार नाही. आमच्या शहराचे नाव दिलेले पेय आमच्याच घरात चालू नये! भाच्यास हे सांगितले तेव्हा तो हसला. मग बाटलीवरची चिठ्ठी वाचत बराच वेळ गप्प बसला.

मुंबईकडचे पेय पाश्चात्त्यांनी उचललेच नाही असे मात्र नव्हे. 'पंच' हा शब्द आपल्या 'पाच' वरून गेला असे पुष्कळ कोशकार मानतात, काही मानीत नाहीत. अरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे ते पाच. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या १६३२ सालच्या पत्रात हा शब्द येतो. त्या पेयात आपल्या किनाऱ्याची चव होती. तीनशे वर्षांनी 'बॉम्बे' मध्ये नुसते नाव उरले.

आता पुस्तकाचा गुण सांगू. क्रॅडॉक बहुतेक ठिकाणी मापे अपूर्णांकात देतात: पाव हे, अर्धे ते, दोन तृतीयांश अमुक. औषधशाळेत मिश्रण बनताना ज्यांनी पाहिले आहे त्यांस ही पद्धत आवडेल, कारण पेला कितीही मोठा असो, प्रमाण बिघडत नाही. पण ह्याच गुणात मोठा दोष लपला आहे. पेला केवढा, हे अपूर्णांक सांगत नाही. त्या काळचा कॉकटेलचा पेला लहान असे. हल्ली दुकानात मिळणारा पेला त्याच्या दुप्पट सहज भरतो.

उदाहरणास 'कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर २' घेऊ. जिन, क्वांत्रो, किना लिले आणि लिंबाचा रस समभाग, वर अ‍ॅबसिंथचा शिंतोडा. आमच्या मते पुस्तकातील उत्तम पेयांपैकी हे एक. आंबट, स्वच्छ, आणि बडीशेपेसारखा वास शेवटी येतो. न्यूझीलंडात १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक प्रमाणित पेय धरतात. प्रत्येक भाग १५ मिलिलिटर धरला तर जिन व क्वांत्रो मिळून साडेनऊ ग्रॅम, लिलेचे दोन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम झाले. हाच भाग भाच्याच्या पेल्याप्रमाणे ३० मिलिलिटर घेतला की २३ ग्रॅम. एका पेल्यात दोन पेयांहून जास्त! असे चार पाठोपाठ घेणाऱ्यास पुस्तकातच थट्टेने इशारा दिला आहे. आम्ही तो थट्टेने घेत नाही. लिंबू आणि बर्फ यांमुळे जिभेस काही कळत नाही. कळते ते जिना उतरताना. आम्ही भाच्यास औषधाचा मापाचा प्याला दिला आणि साठ मिलिलिटरचे लहान पेले शोधून आणायला लावले. त्यानंतरची पेये जास्त चांगली लागली, कारण शेवटचा घोटसुद्धा गार राहू लागला.

नाव तेच असले म्हणजे वस्तू तीच असते, हाही एक भ्रम आहे. किना लिलेमध्ये क्विनाइनचा कडूपणा होता. १९८६ साली तिची घडण बदलली आणि आज लिले ब्लांक म्हणून मिळते ती पुष्कळ सौम्य आहे. जुन्या कृतीत ती ओतून 'अस्सल' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. उलट प्रकारही आहे. 'एव्हिएशन' हे पेय ह्यूगो एन्सलिन यांच्या न्यूयॉर्कच्या पुस्तकात सॅव्हॉयच्या आधीच आले होते. त्यात जिन, लिंबू, माराशिनो आणि व्हायोलेट फुलांची लिकर आहे. आकाशी रंग येतो तो ह्या लिकरमुळे. क्रॅडॉक यांनी नाव ठेवले, फुले गाळली. मग आकाश कोठून येणार? भाच्याने महागाची व्हायोलेटची बाटली मागवली. दोन शिंतोड्यांपर्यंत ठीक. चमचाभर झाली की अंघोळीच्या साबणाची आठवण होते. ती बाटली आता कपाटात आहे आणि बहुधा तेथेच राहील. एक-दोन थेंबांसाठी अख्खी बाटली विकत घेणे हा या छंदाचा खरा खर्च आहे, आणि कोणतेच पुस्तक तो सांगत नाही.

माराशिनोविषयी मात्र तक्रार नाही. झारा शहरात लुक्सार्दो घराण्याने १८२१ साली ती सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात शहर उद्ध्वस्त झाले, घराण्यातील जे वाचले त्यांनी इटलीत तोरेल्या येथे पुन्हा भट्टी उभारली. कृती बरोबर होती म्हणून ते तरले. असो.

घरी लिकर व बिटर्स बनवण्याबद्दल आम्हांस जरा कडक लिहावे लागेल, कारण आमचा जन्म इस्पितळात गेला. लिकर म्हणजे वस्तुतः टिंक्चरची गोड बहीण. पोटासाठी देत ते वेलचीचे टिंक्चर आठवा: वेलची, दालचिनी, शहाजिरे आणि रंगासाठी कोचिनिल नावाचा किडा. काम्पारीचा तांबडा रंगही पूर्वी त्याच किड्याचा असे. २००६ पासून कंपनीने बहुतेक ठिकाणी तो सोडला. जुन्या सीलबंद बाटल्या हौसेने विकत घेणाऱ्या आपल्या लोकांनी तेवढे ध्यानात ठेवावे. अँगोस्टुराही मुळात डॉक्टर सीगर्ट यांनी १८२४ साली पोटाचे औषध म्हणून केली. औषध म्हटले की मात्रा आली. सिंकोनाची साल आणून घरी टॉनिक उकळण्याची टूम आहे. अमेरिकेत टॉनिकमध्ये क्विनाइन दहा लाख भागांत ८३ भागांच्या वर चालत नाही. घरच्या पातेल्यात किती उतरले ते कोण मोजणार? कानात घंटा वाजू लागणे आणि नजर धूसर होणे ही क्विनाइन जास्त झाल्याची लक्षणे आम्ही मलेरियाच्या रोग्यांत पाहिली आहेत. दुसरे, जुन्या बिटर्सच्या कृतींत कॅलॅमस येते. ते म्हणजे आपले वेखंड. अमेरिकेने १९६८ साली अन्नात ते घालण्यास बंदी केली. बाळाच्या टाळूवर उगाळून लावले म्हणून ते पेल्यात भिजवावे असे नाही.

न्यूझीलंडात स्वतःपुरती दारू गाळण्यास १९९६ पासून मुभा आहे, विकण्यास नाही. भाच्यास भट्टीचा मोह झाला होता. आम्ही त्यास आगीची भीती सांगितली, कारण घरच्या भट्टीत विषापेक्षा आगीचाच धोका मोठा. विषाची गोष्ट निराळी. मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसे गेली ती मिथेनॉल मिसळल्यामुळे. भट्टी आली नाही. बाजारच्या व्होडकात संत्र्याची साल आणि वेलची भिजवली, आठ दिवसांनी साखरेचा पाक घातला. ती लिकर उत्तम झाली, आणि पेसाखला वर्ज्य ठरणारे धान्य त्यात आहे की नाही हेही चिठ्ठी वाचून पाहता आले.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली ती. आम्ही राहतो त्या अल्बनीचे पूर्वीचे नाव लुकास क्रीक. १८९० साली ते बदलले. हा सारा फळबागांचा मुलूख होता आणि येथल्या एका द्राक्षाचे नावच 'अल्बनी सरप्राइज' आहे. काळेभोर, जाड सालीचे, कस्तुरीसारख्या उग्र वासाचे. एके काळी न्यूझीलंडात ते फार लावीत. ते इसाबेला जातीचे, आणि आपल्याकडचे बंगळूर ब्लू हेही इसाबेलाच. पहिल्यांदा दाणा तोंडात टाकला तेव्हा वास ओळखीचा वाटला, त्याचे कारण पुढे उमगले. मार्चमध्ये एका शेजाऱ्यांच्या मांडवावरचे घड मिळाले. ते सुकवून शुक्रवारी किद्दुशसाठी सरबत करावे असे मनात आले.

मनुकांचे सरबत वाचकांस नवे नाही. कोकणात कोशेर दारू कोठली? आपल्या लोकांनी काळ्या मनुका भिजवून, वाटून, गाळून त्यावर शब्बाथची प्रार्थना म्हटली. शास्त्राची अट एवढीच की मनुका अगदी कोरड्या नसाव्यात, दाबल्यावर त्यांतून रस निघावा. आमचे अल्बनीचे दाणे बियांसकट सुकवले. सरबत तुरट झाले, पण रंग झकास. भाच्याने विचारले, "मावशी, प्रमाण काय?"

येथे आम्ही अडलो. क्रॅडॉकच्या कृतीतील एक शिंतोडा चुकला म्हणून त्यांस नावे ठेवणाऱ्या आम्ही, आणि आमच्या किद्दुशच्या पेल्याची कृती कोठेही लिहिलेली नाही. आमच्या आत्या म्हणत, "चार मुठी मनुका, तांब्याभर पाणी, दुपारी भिजत घाला." पेला केवढा हे जसे सॅव्हॉयचे पुस्तक सांगत नाही तसाच हा प्रकार. तांब्या मुंबईला राहिला. आमची मूठ तराजूवर घातली, ती ४० ग्रॅम भरली. आत्यांची मूठ आमच्याहून लहान होती. भाच्याने १६० ग्रॅम मनुका आणि सातशे मिलिलिटर पाणी असे वहीत लिहिले. पहिल्या शुक्रवारी पातळ झाले, दुसऱ्या शुक्रवारी पाचशेवर आणले, तेव्हा बरेचसे जुळले. तरी आत्यांच्या सरबताचा दाटपणा नाही. त्या मनुका वाटताना पाण्याचा दुसरा हात देत की नाही, हे आम्हांस आठवत नाही. नवगाव, रेवदंडा, पेण इकडच्या घरांत कोणास आपले माप ठाऊक असेल तर त्यांनी ते संपादकांकडे ग्रॅममध्ये लिहून पाठवावे. मुठीत नको.